वुयिसिलेनं लावलेली दारू

आमच्या गावात दारू बायका लावतात आणि पुरुष पितात. यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नाही. मग वुयिसिलेच्या डोक्यात काय शिरलं, देव जाणे.

त्याची बायको नोफिकिले जाऊन वर्ष झालं होतं. शोक सोडायचा दिवस ठरला. म्हणजे सगळं गाव त्याच्या गोठ्यापाशी जमणार आणि मक्याची दारू पिणार. मी शेजारीण, नोफिकिलेची जिवाभावाची. म्हटलं, "भावजी, पिंपभर मी लावते."

"नको वहिनी. तिच्यासाठी आहे, मीच लावणार."

"येते का तुम्हाला?"

"तीस वर्षं तिला लाकूडपाणी आणून दिलं. बघत होतो ना."

बघत होता म्हणे! नुसतं बघून दारू होत असती तर आमचे म्हातारे केव्हाच पटाईत झाले असते. त्यातले सगळ्यात थोरले झामिले आजोबा, तोंडाचे फाटके. त्याला म्हणाले, "आता बायकांसारखा डोक्याला रुमालही बांध." तो हसला. पण मला हळूच म्हणाला, "वहिनी, आजोबांनी एक घोट घेऊन दारूचा डबा खाली ठेवला, तर तिचं नाव मी घालवलं असं होईल."

मोड आलेला मका दळला, लापशी शिजवून निववली, पिंप घोंगडीत गुंडाळलं. सगळं रीतसर केलं बिचाऱ्यानं. पण थंडी पडली. ठरलेल्या दिवशी सकाळी जाऊन बघते तर हा पिंपापाशी काड्यापेटी घेऊन बसलेला. पिंपावर पेटती काडी धरायची, दारू फसफसून आली असेल तर काडी विझते. याची काडी बोटापर्यंत शांतपणे जळत होती.

खरं सांगते, मी घरी चोरून एक पिंप लावलं होतं. म्हटलं, "मागच्या दारानं आणते. कुणाला कळायचं नाही."

"नोफिकिलेला कळेल."

तिला कळलंच असतं.

तो बाहेर गेला आणि जमलेल्यांना म्हणाला, "दारू अजून आली नाही. बसा."

"कधीपर्यंत?" आजोबांनी विचारलं.

"येईपर्यंत."

कुणी उठलं नाही. मटण खाल्लं, मग नोफिकिलेच्या गोष्टी निघाल्या. शिरगणतीवाल्याला तिनं शेणानं जमीन सारवायला कशी लावली, ते ऐकून आम्ही पोट धरून हसलो. ऊन चढलं तसं पिंप कुरकुरायला लागलं. दुपार कलता कलता काडी विझली.

त्यानं दारू गाळली. लावणाऱ्यानं पहिला घोट घ्यायचा असतो. तो घेतला आणि त्याचा चेहराच पडला. आंबट आणि पाणचट. तरी डबा आजोबांच्या हातात दिला. माझा जीव टांगणीला.

आजोबा एक घोट प्याले आणि थांबले.

"नोफिकिले नवी नवरी होती, तेव्हाची तिची पहिली दारू मी प्यायलोय," म्हणाले. "याहून वाईट होती."

"ठाऊक आहे," वुयिसिले म्हणाला. "तुम्ही सगळे डबे ठेवून निघून गेलात. ती चुलीपाशी रडत बसली. ते पिंप मी एकट्यानं तीन दिवसांत संपवलं."

आजोबांनी डबा परत तोंडाला लावला आणि तळ दिसेपर्यंत खाली घेतला नाही. मग त्याच्यापुढे धरला.

"भर अजून."