बॉनेटवरचं स्वस्तिक

मनीषनगरच्या चंद्रभान डेंटरची खरी ओळख त्याच्या जिभेमुळे होती. दुसऱ्याने रंगवलेली गाडी दिसली की तो दाराखाली बोट घालायचा, पापुद्रा काढायचा आणि मालकासमोरच त्या कारागिराची अब्रू काढायचा. चाळीस वर्षांत त्याच्या हातच्या गाडीवर गंज परतला नव्हता. मिरवायला तेवढंच होतं आणि ते तो पुरेपूर मिरवायचा.

प्रतापनगरच्या गिरिधररावांनी वडिलांची बासष्ट सालची फियाट त्याच्याकडे आणली. जुन्या गाड्यांच्या रॅलीत ती उतरवायची होती. दुसऱ्या एका कारागिराने त्यांना सांगितलं होतं, वरवर घासा, डांबर मारा, आठ दिवसांत मोकळे व्हा.

"डांबरानं गंज मरत नाई साहेब, झाकला जाते," चंद्रभान उसळला. "आतल्या आत पत्रा खाऊन राह्यते तो. पत्रा उघडा करा, गंजाचं औषध लावा, धुवा, वाळवा, मंग प्रायमर. झाकाझाकीच पाह्यजे असंन तर त्याच्याकडंच जा."

गिरिधरराव नमले. महिनाभर गाडी घासल्यावर शेवटी बॉनेटही लख्ख निघालं आणि दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी आली. चंद्रभानकडे नवमी आणि दसरा असे दोन्ही दिवस अवजारं पूजेत असत, कोणी हात लावायचा नाही. त्याने उघड्या पत्र्यावर ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि पाणी त्यावर शिंपडलं.

"उघड्या पत्र्यावर पानी काहून टाकता जी?" त्याची बायको रुखमाबाई म्हणाली. जन्मभर त्याचीच बडबड ऐकून तिलाही एवढं कळत होतं.

"देवाचं पानी हाय वं. त्यानं का गंज चढते?"

चढला. तिसऱ्या दिवशी कुंकू पुसलं तर खाली नारिंगी झाक. पुन्हा घासणं, औषध, धुणं, वाळवणं, म्हणजे दोन दिवस गेले असते. रॅली तीन दिवसांवर, रविवारी होती, रंग अजून बाकी होता आणि गिरिधरराव पेढे घेऊन दारात उभे होते. चंद्रभानने फडकं फिरवलं आणि वरून प्रायमर आणि रंग मारून दिला. रॅलीत फियाटला बक्षीस मिळालं. तो फोटो त्याने दुकानात लावला.

दोन पावसाळ्यांनी गाडी परत आली. बॉनेटवर रंगाला फोड आले होते, नेमके स्वस्तिकाच्या रेघांवर. चंद्रभानने फोडांवरून बोट फिरवलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची अब्रू काढणाऱ्याला आता स्वतःची वाचवायची होती.

"प्रायमरच भिकार निघाला असेल भाऊ," गिरिधरराव म्हणाले. "तुमचा हात काही चुकणार नाही."

किती भला माणूस! खरं सांगितलं असतं तर त्यांनी तेही ऐकून घेतलं असतं.

"हो साहेब," चंद्रभान म्हणाला. "आजकाल मालच भेसळीचा येते."

गिरिधरराव गेल्यावर रुखमाबाई दारातूनच म्हणाली, "डांबर मारलं जी तुमी."