कुलदीपचा खराखुरा कार्यक्रम

अकोल्यात इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या कुलदीपला वयाच्या बावन्नाव्या वर्षी संगीतकार व्हायची हुक्की आली. जुन्या रेडिओंचे सुटे भाग लाकडी खोक्यात बसवून त्याने एक यंत्र केलं. बटणं पिळली, वायरी इकडच्या तिकडे खोचल्या की त्यातून सूर निघत. कधी गोड, कधी म्हैस रेकल्यासारखे. म्हशीचा वाटा जास्त होता, हे तो स्वतःच गिऱ्हाइकांना सांगे.

अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या श्रेयसने त्याचा व्हिडिओ पाहून तिथल्या सभागृहात कार्यक्रम ठरवला. कुलदीपला हॉल भरण्याची चिंता नव्हती. त्याला फक्त बायको यायला हवी होती. साधना शाळेत गणित शिकवायची आणि तोंडावर बोलायची.

"मशीनच वाजनार हाये त मी अमरावतीले काहून येऊ? फोनवर पाठवा."

त्यावर त्याने अर्धा तास भाषण दिलं. समोर बसून ऐकलेलं संगीत तिथल्या तिथे घडतं, आजचं उद्या होत नाही, ऐकणाऱ्यांमुळे वाजवणारा बदलतो. हे सगळं त्याने कुठेतरी वाचलं होतं, पण बोलता बोलता स्वतःचंच वाटायला लागलं. साधना एकदा यायला तयार झाली. घरच्यासारखंच निघालं तर उठून जाईन आणि पुन्हा बोलवायचं नाही, असंही तिने बजावलं.

भाषण तिला पटलं. भाषण देणाऱ्याचीच तंतरली. चुकलं तर? म्हणून या शूराने आदल्या दिवशी घरीच सगळं वाजवून मोबाइलवर भरून घेतलं. तो खोक्यामागे लपवायचा आणि वर नुसती बटणं पिळायची. घाम पुसण्याचाही सराव केला. रेकॉर्डिंग मात्र ऐकून पाहिलं नाही. स्वतःचं संगीत सलग अर्धा तास ऐकणं त्यालाही जड जाई.

कार्यक्रमाला चाळीसेक माणसं होती. साधना शेवटच्या रांगेत, पर्स मांडीवर. कुलदीप डोळे मिटून मान डोलवत होता. दहा मिनिटं झकास गेली. मग स्पीकरमधून कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरीनंतर साधनाचा आवाज सभागृहभर घुमला, "अहो, गॅस बंद करा."

लोक हसले. श्रेयसला तो नवा प्रयोग वाटला, त्याने टाळ्या वाजवल्या. कुलदीप सहज सुटला असता. पण मागे साधना उठली होती आणि तिने पर्स खांद्याला अडकवली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने मोबाइल बंद केला.

"हे घरून भरून आनलं होतं," तो म्हणाला. "आता वाजवतो."

त्याने वायरी खोचायला घेतल्या. पहिलीच वायर निसटली आणि म्हैस जोरात रेकली. त्याने घाबरून बटण हळूहळू पिळलं, तसा तो आवाज खाली खाली येत एका सुरावर टेकला. हॉल एकदम गप्प झाला. त्या शांततेत पुढचा सूर लवकर सोडायला त्याचा जीव होईना. थांबला, मग सोडला. पुढे चार ठिकाणी आपटला, दोनदा सावरला. दाराशी पोचलेली साधना जवळच्या खुर्चीवर टेकली.

लोक पांगल्यावर तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. चार ठिकाणी चुकलो, हे त्याने आधीच कबूल करून टाकलं.

"घरी तुमी वाजवता तवा मी वह्या तपासत असते," साधना म्हणाली. "आज तुमी चुकत होते, आता सावरता का पडता, म्हनून मले उठता नाही आलं."