दोघांत एक अंथरूण

सत्तरच्या दशकातल्या एका हिवाळ्यात आम्ही तिघं शिडाच्या होडीतून मुंबईहून मस्कतला निघालो. मी तेव्हा फौजेत नाईक होतो. माझी निवड झाली ती पोहता येत होतं म्हणून. कुंडलला आमच्या मळ्यातल्या विहिरीत मी पोहायला शिकलो होतो. साहेबांनी विचारलं, "पोहतोस का?" मी म्हटलं, "व्हय साहेब." समुद्र कधी बघितलाय का, हे त्यांनी विचारलंच नाही. पुण्याजवळच्या धरणात त्यांनी आम्हाला शीड चढवायला-उतरवायला शिकवलं आणि मग एका सकाळी किनारा मागे पडला.

साहेब सांगली शहरातले, हडकुळे, चष्मेवाले, मितभाषी. होडीचं वेड त्यांचं, ही मोहीमही त्यांनीच फौजेकडून मंजूर करून घेतलेली. तिसरे आमचे हवालदार, पाटणकडचे. कोयनेच्या धरणात त्यांचं जुनं गाव गेलं होतं. घरच्यांना दुसरीकडं जमीन मिळाली होती, पण तिथं त्यांचं मन लागलं नव्हतं. मी त्यांना दादा म्हणायचो. होडीवर स्वयंपाक त्यांच्याकडं होता.

खाली झोपायला दोनच फळ्या. एक साहेबांची. दुसरी दादांची आणि माझी. एकानं सुकाणूवर बसायचं, तेव्हा दुसऱ्यानं झोपायचं. "उठ रं गड्या," म्हणून ते मला हलवायचे आणि मी उठतो न उठतो तोवर माझ्या जागेवर आडवे व्हायचे. ते अंथरूण कधी सुकलं नाही. त्यांच्या घामानं, माझ्या घामानं आणि वरून ठिबकणाऱ्या खाऱ्या पाण्यानं ते कायम चिकट असायचं. अंगावरचे कपडेही तसेच. वाळले की मिठानं ताठ व्हायचे, हवा दमट झाली की पुन्हा ओले. कोपरांना आणि बसायच्या जागी फोड आले. बसलं तरी दुखायचं, उभं राहायची सोय नव्हती. गोडं पाणी फक्त प्यायला आणि शिजवायला. समुद्राच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे मला तिथं कळलं.

पहिले काही दिवस मी नुसता ओकत होतो. ते थांबलं तेव्हा वाटलं, आता जमलं. पण खरा त्रास पुढंच होता. होकायंत्राच्या काट्याकडं बघत बसायचं, काटा सरकला की सुकाणूचा दांडा थोडा ओढायचा, परत आला की सैल सोडायचा. दिवसभर हेच. सुरुवातीला आम्ही बोलायचो. ऊस, पलटण, कुणाच्या लग्नात काय झालं ते. मग सगळ्यांचं सगळं सांगून झालं. दादांनी घरून ज्वारीचं पीठ आणलं होतं. त्यांनी एकदा भाकरी थापायला घेतली. होडी अशी कलली की भाकरी परातीतून थेट साहेबांच्या बुटावर. साहेबांनी ती उचलली, झटकली आणि परत दिली. दादांनी ती भाजली आणि आम्ही खाल्ली. कुणाला हसायलाही त्राण नव्हतं.

मग वारा पडला. वारा नसला म्हणजे समुद्र शांत असेल असं मला वाटायचं. तसं नसतं. कुठून तरी लांबून येणाऱ्या लाटा चालूच राहतात आणि शिडात वारा नसला की होडी पाळण्यासारखी या कुशीवरून त्या कुशीवर पडत राहते. शीड रिकामं आपटायचं. होडीला छोटं इंजिन होतं, पण डिझेल बंदरात शिरण्यापुरतंच. आम्ही एका जागी डुलत राहिलो.

अशाच एका दुपारी दादा डाळ शिजवत होते. मी वर सुकाणूवर होतो. होडीनं जोरात कूस बदलली आणि खालून पातेलं पडल्याचा आवाज आला. "आरं द्येवा," एवढंच ऐकू आलं. मी वाकून बघितलं तर ते खाली बसले होते, उकळती डाळ उजव्या पायावर सांडली होती. मोजा काढताना कातडी सोबत निघून आली. साहेबांनी पाय धुतला, मलम लावलं, पट्टी बांधली. दादा दात आवळून बसले होते.

साहेब म्हणाले, "आता तुम्ही पडून राहायचं."

"बसता येतंय की साहेब. दांडा हातानं धरायचा आस्तो, पायानं न्हाई."

त्या दिवशी त्यांनी त्यांची पाळी केली. पण समुद्रावर काही कोरडं राहत नाही. पट्टी भिजली, पाय सुजला, ताप चढला. दुसऱ्या दिवसापासून त्यांना उठवेना. आता सुकाणूवर साहेब आणि मी दोघंच. अंथरुणात दादा होते, त्यामुळं मी साहेब उठले की त्यांच्या फळीवर टेकायचो. झोप लागते न लागते तोच हाक यायची. एकदा भर दुपारी मी दांडा धरून बसल्या बसल्या झोपलो. वाऱ्याची बारीक झुळूक आली होती ती तशीच वाया गेली, होडी गोल फिरली. साहेब वर आले. त्यांनी माझ्या हातातून दांडा घेतला. थोड्या वेळानं मी वर बघितलं तर चष्म्याआड त्यांचेही डोळे मिटलेले. मी त्यांना हाक मारली नाही. होडी तशीही कुठं जात नव्हती.

आता पायाला वास येऊ लागला होता. एका सकाळी इंजिनाची धडधड ऐकू आली. लाकडी मालवाहू गलबत होतं, मोठं. मी दादांचं नारिंगी जाकीट दोन्ही हातांनी हलवलं. गलबत वळलं. ते चालवणारा तांडेल कच्छी म्हातारा होता. दोरावरून आमच्या होडीत उतरला, पट्टी बाजूला करून पाय बघितला आणि साहेबांना म्हणाला, "इसको हमको दे दो. हम तुमसे बहुत पहले मस्कत पहुँचेंगे."

दादा उठून बसले. "मी होडी सोडनार न्हाई साहेब. तिगं निगालो, तिगं पोचायचं."

मला वाटलं साहेब हुकूम देतील. ते दादांच्या शेजारी खाली बसले. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. म्हणाले, "हवालदार, मी फार थकलोय. होडी सांभाळू की तुम्हाला? दोन्ही माझ्याच्यानं होत नाही."

दादा पाय सावरत फळीच्या कडेला सरकले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "माजी पिशवी दे रं गड्या."

दोराच्या झोळीत बसवून गलबतावरच्या खलाशांनी त्यांना वर ओढून घेतलं. तांडेलानं आम्हाला पिंपभर पाणी आणि खजूर दिले. गलबत लहान होत गेलं. मी खाली गेलो. अंथरूण आता माझ्या एकट्याचं होतं. त्यावर बसलो आणि मला रडू कोसळलं. कशाचं, ते सांगता येणार नाही. दमलेल्या माणसाला कशाचंही रडू येतं.

पुढं वारा लागला. आम्ही दोघांनी होडी नेली, आळीपाळीनं, एकमेकांशी जवळजवळ न बोलता. मस्कतचे तपकिरी डोंगर दिसले तेव्हा आनंद वगैरे काही झाला नाही. धक्क्यावरून कुणीतरी दोर फेकला. रोज बांधत आलेली गाठ मला आठवेना. मी दोर हातात धरून उभा राहिलो. साहेबांनी येऊन बांधला.

दादा इस्पितळात होते. पाय वाचला होता, दोन बोटं गेली होती. मला बघून म्हणाले, "आजारी मी हाय का तू, त्येच कळंना. बस खाली." मी त्यांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसलो आणि बसल्या बसल्या झोपलो. जागा झालो तेव्हा दादांची चादर माझ्या अंगावर होती.

होडी परत न्यायची होती. साहेबांनी मला विचारलं, "येशील?"

मी म्हटलं, "हुकूम आसंल तर येतो साहेब. इचारत आसाल तर न्हाई."

साहेब मोठ्यानं हसले. पूर्ण प्रवासात त्यांना हसताना तेवढंच बघितलं. शेवटी होडी मालवाहू जहाजावर चढवली आणि आम्ही तिघंही प्रवासी म्हणून परतलो.

रजेवर कुंडलला गेलो तर घर माणसांनी भरलं. माझा मेव्हणा माधवनगरच्या गिरणीत होता, तो सुट्टी काढून आला. "दाजी, काय काय बगितलं?" मी म्हटलं, "काय न्हाई. पानी लय हुतं." तो रुसला. आईलाही वाईट वाटलं, पोरगं एवढं लांब जाऊन आलं आणि सांगत काहीच नाही. पण मला सांगण्यासारखं खरंच काही सुचत नव्हतं.

पेन्शन झाल्यावर दादांनी पाटणकडंच थोडी जमीन घेतली आणि ते शेती करू लागले. एकदा मी पाटणला काही कामानं गेलो तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्या घरी गेलो. थंडीत पाय आखडतो म्हणाले, बाकी ठीक. बोटांच्या जागी बुटात कापूस कोंबला होता. आम्ही भाताबद्दल बोललो, त्यांच्या थोरलीच्या सोयरिकीबद्दल बोललो. ते म्हैस बांधायला गेले तशी वहिनी चहाचा कप पुढं करत हळूच म्हणाल्या, "आवं भावजी, त्या होडीत ह्ये काय करत हुते वो? कवा सांगतच न्हाईत."

"सैपाक करायचे," मी म्हटलं. "चांगला करायचे."

"ह्ये? सैपाक?" वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि त्या हसत सुटल्या. गोठ्यातून दादांनी विचारलं, काय झालं म्हणून. उत्तर द्यायलाही वहिनींना दम मिळेना.