वीतभर कमी पडलेला कठडा

मंदाताईंचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सिमेंटचे ठोकळे फोडण्याच्या यंत्रापाशी उभा होतो. यंत्राच्या आवाजात आधी काही ऐकू आलं नाही, म्हणून व्हरांड्यात आलो. "दिनेश, बाबा गेले गा..." त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "शेडची चाबी तुले द्याले सांगितलं त्यायनं. येऊन घेऊन जाजो." लोक मृत्यूची बातमी ऐकून रडतात. मला आधी भीती वाटली. त्या शेडमध्ये काय आहे, ते मला माहीत होतं.

वामनकाका माझे घरमालक, मंदाताई त्यांची मुलगी. पूर्व नागपुरात नाल्याच्या काठाला त्यांचं लहानसं घर, मागे टिनाचं शेड. मी भिवापूरकडचा. आई मिरचीचे देठ खुडायला जाते, वडील हमाली करतात, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. खोली बघायला गेलो तेव्हा काकांनी विचारलं, "काय शिकतो?" मी म्हटलं, सिव्हिल. "म्हणजे मोजणं शिकतो. मंग जमते आपलं." काका सुतार. वर्षभर दारं, पाळणे करायचे, पण त्यांचा जीव तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या पोळ्याच्या, लाकडी बैलांत. लकडगंजातल्या वखारींतून सागाचे उरलेले तुकडे आणायचे आणि पोरांसाठी चाकांवरचे बैल कोरायचे. त्यांची एक सवय होती. कुठलंही काम घेतलं की लाकडाच्या बाजूवर पेन्सिलीने लिहून ठेवायचे, माप कोणाचं ते. 'माप – स्वतः.' किंवा गिऱ्हाइकाचं नाव. मी कारण विचारलं तर म्हणाले, "माप चुकलं का भांडण होते. नाव लिहिलं का भांडणाले जागाच राहत नाही."

मी तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या भागातला नाल्यावरचा जुना पूल पाडून नवा बांधायचं महापालिकेने ठरवलं. आमच्या कॉलेजच्या मॅडमनी खटपट करून त्याच्या कठड्याचं काम आम्हा विद्यार्थ्यांना मिळवून दिलं. मॅडमचं म्हणणं असं, की पूल बांधून झाल्यावर त्यावर चित्रं रंगवली तर ती दोन पावसाळ्यांत जातात. कला पुलाच्या अंगातच असली पाहिजे, आणि ती त्याच वस्तीतल्या माणसाच्या हातची असली पाहिजे. वस्तीतला माणूस शोधा म्हणाल्या. मला शोधावं लागलं नाही.

काका आधी हसले. "पुलाले नक्षी काहून पायजे? पूल म्हणजे इकडून तिकडं जाणं." पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते जुन्या पुलाच्या टोकाशी एका दगडावर बसलेले दिसले. परत आल्यावर म्हणाले, "पाहून राहिलो होतो. त्या पुलावर कोणीच थांबत नाही. थांबाले जागाच नाही ना." नाल्याच्या दोन्ही काठांच्या वस्त्यांचा तान्हा पोळा वेगवेगळा भरायचा. काकांनी कठड्याच्या सिमेंटच्या पॅनलांवर बैलांची रांग आखली, दर पॅनलला एक, सात बैल या काठाकडून, सात त्या काठाकडून, आणि मधोमध दोघं समोरासमोर. प्रत्येक पॅनलला खाली सिमेंटचाच एक ओटा, पोरांच्या छातीइतका उंच, म्हणजे पोळ्याच्या दिवशी दोन्हीकडच्या पोरांनी आपापले बैल त्यावर ठेवायचे. मॅडमनी तो कागद बघितला आणि बराच वेळ हातातून खाली ठेवला नाही.

आयुष्यभर उठावाचं कोरलेल्या माणसाला सिमेंट ओतायच्या लाकडी साच्यासाठी आता खोलगट कोरायचं होतं. जिथे बैलाचं पोट फुगायचं तिथे लाकूड खणायचं. पहिला बैल त्यांनी बिघडवला, शिंग साच्यात अडकून तुटलं. "हा बैल नाही, ही शेळी होय," म्हणत स्वतःच हसले आणि मंदाताईंना हाक मारून दाखवला. मग कडांना थोडा उतार दिला, साच्याला आतून बाहेरून तेल चोपडलं, आणि दुसरा बैल साच्यातून अखंड निघाला. त्या दिवशी शेडमध्ये मी होतो. बैलाच्या पाठीवर हात ठेवून काका नुसते उभे राहिले.

उंचीचं माप मी दिलं होतं. हे वाक्य लिहायला मला दीड वर्ष लागलं... कठडा चालणाऱ्याच्या पायापासून मोजायचा असतो. मी साइटवर गेलो तेव्हा नुसता स्लॅब पडला होता, मी स्लॅबपासून मोजलं. त्यावर फुटपाथचा भराव येणार, वर ब्लॉक येणार, हे नकाशात होतं. मी पाहिलं नाही. काकांनी साच्याच्या बाजूवर नेहमीसारखं लिहिलं, 'माप – दिनेश.' मला तेव्हा त्याचा किती अभिमान वाटला होता! गावी फोन केला. वडील चावडीवर सांगत सुटले, "आमचा दिनू नागपुरात पूल बांधून राहिला."

चौदाही पॅनल तयार झाल्यावर महापालिकेचे इंजिनिअर साहेब बघायला आले. ब्लॉक लागलेल्या फुटपाथच्या कडेला, खालच्या स्लॅबवर त्यांनी एक पॅनल उभं करायला लावलं आणि ब्लॉकपासून टेप धरला. कठडा वीतभर कमी होता. "इथं ओटा, पोरं त्यावर चढणार. उद्या एखादं पालथं गेलं तर? माप कोणी दिलं?" मी काकांच्या शेजारी उभा होतो. माझ्या इंटर्नशिपच्या पत्रावर त्याच साहेबांची सही व्हायची होती. मी बोलणारच होतो, असं मी पुढे खूप दिवस स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मी बोलणार नव्हतो. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माप माझं, साहेब. सुताराले शोभत नाही, पण चुकलं." साहेब म्हणाले, "काका, तुम्ही पोरांचे बैल करा. पूल म्हणजे खेळणं नाही. उद्या शेडवर येतो, तो साचा काढून ठेवा." दुसऱ्या दिवशी मला तास नव्हता, तरी मी कॉलेजात जाऊन बसलो. साच्यावर माझं नाव होतं.

काहीच झालं नाही. सहीचं पत्र मिळालं. पुलाला लोखंडी पाइपचा कठडा लागला आणि पॅनल काकांच्या अंगणात परत आले. पुढच्या सत्रात मॅडमनीच एक जुना पूल दाखवला, त्याच्या ठेंगण्या दगडी कठड्यावर पाइप बसवून उंची भरून काढली होती, पोरांना चढता येऊ नये म्हणून आतल्या बाजूला जाळी होती. आमच्या कठड्यालाही हेच करता आलं असतं. चूक एका विद्यार्थ्याची म्हटली असती तर मॅडम बोलल्या असत्या, कागद पुन्हा काढला असता, उपाय निघाला असता. एका म्हाताऱ्या सुताराची म्हटल्यावर कोणालाच पुढे विचारावंसं वाटलं नाही.

चहाच्या टपरीवर मात्र गोष्ट पोचली. ज्या माणसाच्या दाराला कधी फट राहिली नाही, त्याला लोक विचारायचे, "काय वामनराव, बैल वीतभर बसले का उभे?" काका हसून चहा प्यायचे. मग टपरीवर जायचं थांबले. त्या वर्षी त्यांनी पोळ्याचे बैल केले नाहीत. पुलापलीकडे जायचं झालं तर मोठ्या रस्त्याने वळसा घालून जायचे. मी त्याच घरात राहून हे बघत होतो, दर महिन्याला खरं सांगायचं ठरवत होतो, आणि शेवटच्या वर्षी होस्टेलला जागा मिळाली तेव्हा... सुटल्यासारखं वाटून निघून गेलो.

शेवटचं भेटलो तेव्हा ते खाटेवर उशांना टेकून बसले होते. दम लागत होता. मी म्हटलं, "काका, मला एक सांगायचंय." त्यांनी हाताने थांबवलं. "नोकरीचं झालं का?" अजून नाही, म्हटलं. "होईन." मग डोळे मिटून म्हणाले, "पुढच्या खेपेले पायापासून मोजजो बाप्पा." त्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

तेराव्याला गेलो तेव्हा मिळालेली चाबी पाच आठवडे माझ्या पेटीत पडून होती. परवाच्या रविवारी गेलो. अंगणात एक पॅनल नळापाशी उभं केलेलं, मंदाताई त्याच्या ओट्यावर कपडे घासत होत्या, साबणाचं पाणी बैलाच्या पाठीवर उडून खाली ओघळत होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कपडा पिळला, झटकला, दोरीवर टाकला. "मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "आता सांगून राहिला तू. ते असताना एक डाव टपरीवर सांगतलं असतं..." त्यांनी दुसरा कपडा ओट्यावर घेतला. निघताना मी टपरीवर थांबणार आहे, एवढंच त्यांना म्हणालो. थांबलोही, सांगितलंही. टपरीवाला म्हणाला, "अरे... मंग बुढा बोलला काहून नाही?"

पण त्याआधी मी शेड उघडलं होतं. साचा भिंतीला टेकून होता, तेलाने काळा पडलेला. ज्या बाजूला माझं नाव होतं ती मी उजेडाकडे वळवली. नाव नव्हतं. तेवढ्या जागेवर रंधा फिरवलेला होता, एकच हात, सरळ, आणि त्या काळ्या लाकडावर बोटभर रुंदीचा पट्टा सागाच्या मूळ रंगाचा, कोरा राहिला होता. साहेब येण्याच्या त्या सकाळी मी कॉलेजात लपून बसलो होतो, तेव्हा काका इथे हे करत होते. मी त्यावरून बोट फिरवलं. खाच लागतसुद्धा नव्हती, इतकं ते साफ होतं.

त्यांची चपटी पेन्सिल खिळ्यावर दोरीने टांगलेली होती. मी ती काढली आणि त्या कोऱ्या पट्ट्यावर पुन्हा लिहिलं, 'माप – दिनेश.' माझं अक्षर त्यांच्याइतकं सरळ आलं नाही.