बनुबाईची पोर

आमच्या वाडीत करवंदं खायला कुणालाच लाज वाटत नसे. वैशाखात पाटलापासून गुराख्यापर्यंत सगळ्यांचे ओठ चिकाने चिकटलेले असत. विकायची मात्र लाज होती. जमीनवाल्याच्या घरची बाई करवंदांची पाटी घेऊन बसली म्हणजे घराण्याचं नाकच कापलं. ते काम कातकरणींचं, असं ठरलेलं. कुणी ठरवलं ते मला विचारू नका. ज्यांना काटे टोचत नाहीत त्यांनीच ठरवलं असणार.

जमीनवाल्या हैबतीची लेक आवडी हे सगळं ठाऊक असूनही करवंदं विकायला जायची. आई गेल्यावर तिला करवंदांच्या जाळीत नेऊ लागली ती बनुबाई कातकरीण. बनुबाईची स्वतःची एकुलती मुलगी, आवडीच्याच वयाची, देवीच्या साथीत गेली होती. कोयत्याच्या पाठीने फांदी वर उचलून धरायची आणि करवंद देठाशी हलकेच पिरगळायचं, हे बनुबाईनेच आवडीला शिकवलं. भल्या सकाळी दोघी जाळीत शिरत आणि महाबळेश्वरची गाडी घाटाला लागायच्या आत पोलादपूरच्या थांब्यावर हजर होत. बनुबाई पळसाच्या पानांचे द्रोण लावी, आवडी खिडक्यांखालून ओरडत फिरे. गाडीतली पोरं करवंद चावायच्या आधी ‘कोंबडा की कोंबडी’ म्हणून पैज लावत. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. आवडी त्या पोरांपेक्षा मोठ्याने हसायची. घरी तिला तसं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. पोर जळणाला जाते, असं हैबती धरून चालला होता. बापाला स्वतःच्या मुलीचे हात कसे दिसत नाहीत, कोण जाणे.

ते दिसले पाहुण्यांना. नाते गावची साळूबाई आपल्या सहदेवासाठी मुलगी बघायला आली. सहदेव मुंबईला गिरणीत होता. असं स्थळ चालून आलं म्हणून हैबतीचे पाय जमिनीवर नव्हते. साळूबाईने आवडीचा हात हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला.

“हे ओरखडं कसलं गो?”

“कुंपनाचं,” हैबती मधेच बोलला.

“आन् पोलादपुरात गाडीपाशी करवंदं देत होती ती पोर? मला तर हीच वाटते.”

हैबतीचं तोंड उतरलं. पाहुणे आलेत हे बनुबाईला ठाऊक नव्हतं. नेमकी त्याच वेळी ती पाटी घेऊन आवडीला बोलवायला अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. हैबती ताडकन उठला.

“ती बघा! तिची पोर इकते करवंदं. आवडीची जुनी लुगडी आमी तिला देतो, म्हनून चकलात तुमी.”

साळूबाई काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने बनुबाईलाच विचारलं, “काय गो, तुझी पोर होती ती?”

बनुबाईने आवडीकडे पाहिलं. आवडीने मान खाली घातली.

“हां बाय,” बनुबाई म्हणाली. “माझीच हाय.”

सुपारी फुटली. आवडी शरमेने अर्धी झाली. करवंदं विकल्याची लाज तिला कधीच वाटली नव्हती. लाज वाटली ती त्या खाली घातलेल्या मानेची. लग्न होईस्तोवर अंगणात पाऊल टाकू नकोस, असं हैबतीने बनुबाईला बजावलं, तेही आवडीने दाराआडून ऐकलं आणि गप्प राहिली. लग्नाच्या दिवशी कातकऱ्यांना वाडीबाहेर पानं वाढली, तिथे तिने नजरेने बनुबाईला शोधलं. बनुबाई जेवायला आली नव्हती.

आवडी नाते गावी नांदू लागली. सासू तोंडाने फटकळ, पण मनाने वाईट नव्हती, आणि सहदेवही भला माणूस. तरी माहेरी आली की आवडी कातकरवाडीची वाट टाळून लांबून जाई. पोलादपूरच्या बाजाराला तर तिने जाणंच सोडलं.

लेक झाली तेव्हा नवस फेडायला सगळी प्रतापगडच्या भवानीला निघाली. पोलादपूरला गाडी थांबली. सहदेव करवंदं घ्यायला उतरला, मागोमाग साळूबाई उतरली आणि तिने सुनेलाही उतरवलं. बनुबाई तिथेच बसली होती. केस पिकले होते. तिने आवडीकडे एखाद्या परक्या गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं पाहिलं. साळूबाईने मात्र तिला ओळखलं.

“तुझी पोर दिसत नाय गो?”

“लगीन झालं तिचं, बाय.”

“घर बरं मिळालं?”

“लय चांगलं.” बनुबाईने द्रोण भरला, वर आणखी मूठभर करवंदं घातली आणि तो आवडीपुढे धरला.

“येते का तुला भेटायला?”

“तिला जमत नाय.”

आता खरं सांगितलं असतं तरी आवडीला कुणी घराबाहेर काढणार नव्हतं. हे तिलाही कळत होतं. तिने द्रोण घेतला, कडेवरची लेक सावरली आणि नवऱ्याला म्हणाली, “चला, गाडी सुटंल.”