सांगलीला निघालेले झेंडे

सदाशिव झेंडे साताऱ्यात सहा वर्षे भाड्याच्या एका खोलीत राहिले आणि त्या खोलीच्या भिंतीला त्यांनी एकही खिळा ठोकला नाही. शर्ट दोरीवर, आरसा खिडकीत टेकवलेला, कॅलेंडर गादीखाली. विचारले तर म्हणायचे, "आवं, आपल्याला सांगलीला जायाचंय. उगं दुसऱ्याची भिंत कशाला खराब करायची?"

त्यांच्या पत्नी सुलभाताई सांगलीत एका खासगी शाळेत शिक्षिका होत्या. त्या नोकरीत बदली नव्हती. झेंडे मूळचे कोरेगावकडचे. साताऱ्याच्या एमआयडीसीत साखर कारखान्यांची यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीत ते ड्राफ्ट्समन होते. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने जायचे, सोमवारी पहाटेच्या एसटीने परतायचे. संसार तेवढाच.

मी तेव्हा एका दैनिकाच्या सातारा कार्यालयात होतो. नव्वदचे दशक संपत आले होते. आमची पाने इथे संगणकावर लागत, त्यांची पीडीएफ करून फोनच्या तारेवरून सांगलीच्या छापखान्यात पाठवली जात. ही गोष्ट झेंडेंच्या कानावर गेली. एका दुपारी ते रुमालात गुंडाळलेली फ्लॉपी घेऊन दारात उभे राहिले.

"तुमचं पान जसंच्या तसं सांगलीत उतरतंय म्हणं. माझं ड्रॉइंग उतरंल का?"

त्यांची अडचण साधी होती. कंपनीत ड्रॉइंग संगणकावर काढायला सुरुवात झाली होती, पण ते उघडायचा प्रोग्रॅम गिऱ्हाइकाकडे नसायचा. मग मोठा कागद काढून, गुंडाळी करून, एसटीच्या पार्सलने पाठवायचा. गळीत हंगामात कारखाना बंद पडलेला असे आणि गुंडाळी कराडच्या स्टँडवर पडलेली असे. पीडीएफ केली की कोणत्याही संगणकावर तेच ड्रॉइंग उघडत होते आणि छापताही येत होते. आमच्या फोनच्या तारेवरून फाइल थेट कारखान्याच्या संगणकावर जाणार होती.

संपादकांनी परवानगी दिली. बदल्यात झेंडे बातम्यांसाठी नकाशे काढून देत. एका अपघाताच्या नकाशात त्यांनी पुलाची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहिली. मी मीटर करायला सांगितले, तर म्हणाले, "मीटरमधी लिवलं की माणूस ढिला पडतो." आकडा त्यांनी बदलला, पण नाराजीने.

पहिल्याच हंगामात त्यांच्याकडून एक चूक झाली. पीडीएफ करताना पडद्यावर 'कागदात बसवा' असा एक पर्याय येई. त्यावर खूण आधीच केलेली असे. ती काढली नाही, तर ड्रॉइंग कागदाच्या कडांत मावण्यासाठी किंचित आकसत असे. झेंडेंनी ती काढली नाही. ड्रॉइंग सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात गेले. तिथले जाधव मिस्त्री जुन्या पद्धतीचे. लिहिलेली मापे ते वाचत नसत. पूर्ण आकाराचा कागद सरळ लोखंडी प्लेटवर चिकटवायचा आणि कागदावरूनच भोकांच्या खुणा ठोकायच्या, अशी त्यांची रीत होती. त्यांनी चौदा भोके पाडली. यंत्राच्या बोल्टाला त्यातले एकही जुळले नाही.

मालकांनी झेंडेंना केबिनमध्ये बोलावून एवढेच सांगितले, "झेंडे, पुन्हा असं झालं तर घरी बसावं लागेल."

त्यानंतर झेंडे प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बरोबर दहा सेंटिमीटरची एक रेघ काढू लागले. खाली लिहीत, 'आधी ही रेघ मोजा. दहा भरली नाही तर कागद फाडा.' शेजारी सही. जाधव मिस्त्रींना हे इतके पटले, की झेंडेंची सही नसेल तर ते प्लेटला हात लावेनात. पुढे इतर गिऱ्हाइकेही तसेच म्हणू लागली.

याच सुमारास सांगलीच्या एमआयडीसीत त्यांच्यासाठी जागा निघाली. पण तिथले मालक आणि इथले मालक एकमेकांना ओळखत. आधीच्या मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय एकमेकांची माणसे घ्यायची नाहीत, असे त्यांच्यात ठरलेले होते. झेंडेंनी पत्र मागितले. मालक म्हणाले, "दुसरा माणूस तयार करा आणि जा." झेंडेंनी एकाला सगळे शिकवले. त्याने पाठवलेले पहिलेच ड्रॉइंग सांगलीहून परत आले. त्यात चूक नव्हती, फक्त सही दुसऱ्याची होती. मालकांनी पत्राचा विषय बंद केला.

त्या दिवशी आमच्या संगणकासमोर बसून झेंडे म्हणाले, "ड्रॉइंग सा मिनटात सांगलीला पोचतंय. मी सा वर्सं झाली निघालोय." मी हसलो. तेही हसले, पण माझ्यानंतर.

सांगलीच्या मालकांनी सोमवारपर्यंत वाट पाहतो, असा निरोप दिला होता. आदल्या शुक्रवारी दुपारी झेंडे फ्लॉपी घेऊन आले आणि संगणकासमोर बसले.

"हिनं एक वाट काढलीय," ते म्हणाले. "म्हणती, आज ती 'कागदात बसवा'ची खूण तशीच ऱ्हाऊ द्या. मिस्त्री रेघ मोजंल, कमी भरंल, कागद फाडंल. कुणाचं नुकसान न्हाई. मालक मला काढून टाकतील. काढलेल्या माणसाला पत्र कशाला लागतंय?"

मी नीट विचार केला. त्यात कुठेही चूक सापडली नाही. तसे सांगितले.

"मलाबी सापडली न्हाई," ते म्हणाले. "रातभर शोधली."

त्यांनी फ्लॉपी घातली. पडद्यावर तो पर्याय आला, खुणेसकट. झेंडेंनी माउसवर हात ठेवला. बाहेर टेलिप्रिंटर चालू होता. कुणीतरी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

"उद्या मिस्त्री रजेवर असला तर?" त्यांनी विचारले. "दुसऱ्या कुणी न मोजताच ठोकलं तर?"

"फोन करून सांगा मोजायला."

"काय सांगू? चुकीचं पाठवलंय, तेवढं मोजून फाड म्हणून?"

त्यांनी खूण काढली. पीडीएफ झाली, फाइल गेली. त्यांनी जाधव मिस्त्रींना फोन लावून रेघ मोजायला लावली. तिकडून दहा ऐकल्यावर फोन ठेवला. मग सुलभाताईंच्या शाळेचा नंबर मागितला. मी लावून दिला आणि उठलो, पण कार्यालय एवढेसे होते.

"मी बोलतोय. न्हाई. न्हाई जमलं."

पलीकडचे बोलणे थोडेच होते. झेंडेंनी ते मान खाली घालून ऐकले.

"व्हय," ते म्हणाले. "बरोबर गेलं."