परबबाईंचा नंबर

“मशीन बंद न करता जॉयस्टिक बदल,” पार्लरवाला शेट मला पुन्हा म्हणाला.

अंधेरी स्टेशनजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मी मशीनचं दार उघडून बसलो होतो. ऐंशीच्या दशकात अशी मशीन भाड्याने देणाऱ्या कंपनीत मी टेक्निशियन होतो. जॉयस्टिक म्हणजे खेळायचा दांडा. तो तुटायला आला होता. येणारच. दिनेश आणि त्याची कॉलेजची टोळी तो उपटून घरी न्यायचा असल्यासारखा ओढायची.

कंपनीचा नियम होता, मशीनचं दार उघडण्याआधी प्लग काढा. पण तेव्हाच्या मशीनमध्ये वीज गेली की स्कोअर पुसला जायचा. पडद्यावर सगळ्यात वर दिनेशचा स्कोअर होता आणि रविवारी बोरिवलीचा एक चॅम्पियन तो मोडायला येणार होता. शेटने दाराशी तसा बोर्डच लावला होता. म्हणून मी मशीन चालू ठेवून, जपून दांडा बदलला.

मशीनच्या काचेवर टोकन ठेवलं की नंबर लागला, हा सगळ्या पार्लरचा कायदा. पहिलं टोकन परबबाईंचं होतं. बाई टेलिफोन ऑपरेटर. ड्युटी संपल्यापासून मुलं शाळेतून सुटेपर्यंतचा अर्धा तास काय तो त्यांचा स्वतःचा. खेळायच्या यथातथाच. दिवसभर लोकांचा आरडाओरडा ऐकल्यावर इथे कोणी हॅलो म्हणत नाही, एवढंच त्यांना पुरे होतं.

बाई पुढे झाल्या. दिनेशने त्यांचं टोकन उचलून त्यांच्याच हातात ठेवलं.

“मॅडम, टाइमपासवाल्यांनी घरी कॅरम खेळायचा. इथे प्रॅक्टिस चाललीय.”

“माझा नंबर आहे.”

टोळी हसली. बाईंनी शेटकडे पाहिलं. शेट म्हणाला, रविवारनंतर या ना ताई, मशीन कुठे पळून जातंय. बाई पर्स खांद्याला लावून वळल्या.

माझं डोकं सणकलं. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही सणकतंय. बाईंना थांबायला सांगितलं आणि भिंतीतला प्लग खेचला. पडदा काळा झाला.

दिनेशने माझी कॉलर धरली. शेट गल्ल्यावरून धावत आला.

“वाट लावलीस रे! काम झाल्यावर कशाला काढलास?”

“नियम आहे शेट. दार अजून उघडं आहे.”

दार लावलं, प्लग घातला. स्कोअर शून्य. बाईंनी टोकन टाकलं. तिन्ही लाइफ भराभर गेल्या. पण आता पडद्यावर सगळ्यात वरचा स्कोअर त्यांचा होता.

“हा माझा?” त्यांनी विचारलं.

“तुमचाच. पार्लरमधला हायेस्ट.”

त्यांनी पर्समधून दुसरं टोकन काढलं. दिनेशने नवा स्कोअर तासाभरात उभा केला असता, एवढा तो तरबेज होता. पण त्याआधी त्याला नंबर लावावा लागला, बाईंच्या मागे.

शेटने आमच्या कंपनीच्या साहेबांकडे तक्रार केली. साहेबांनी मला झापलं आणि अंधेरी काढून मुलुंडला टाकलं. मी गेलो. पुढे अनेक पार्लर पाहिली, दिनेशही पुष्कळ पाहिले. पोरं आपोआप माजत नाहीत. गल्ल्यावर बसलेला कोणीतरी त्यांना माजवत असतो.